घडीपलीकडची बाजू

१

अख्खी गल्ली तिला मास्तर म्हणायची. बाई असून मास्तर, कारण त्या शिवणकामाच्या दुकानात दुसरा मास्तर नव्हताच. मापं तीच घ्यायची, आखायची तीच, कापायची तीच, आणि अंगानं सुटून परत आलेल्या गिऱ्हाइकाला बोल लावायचीही तीच. "कापडाला दोष देऊ नका, कापडानं काही खाल्लेलं नाही," हे तिचं ठरलेलं उत्तर.

तर अशा मास्तरचं डोकं शेवटी कापडानंच फोडलं. वरच्या फळीवरून पडद्याच्या कापडाचा तागा ओढायला गेली, तागा आला, त्याच्यामागून फळीही आली, आणि मास्तर शिलाई मशीनच्या कडेवर आपटली. मार बसला डोक्याच्या उजव्या बाजूला. शुद्धीवर आली तेव्हा जीभ जागेवर होती, उलट परजल्यासारखी झाली होती. पण डावा हात लुळा पडला होता आणि डावीकडचं जग नाहीसं झालं होतं.

नाहीसं म्हणजे अंधार नव्हे. अंधार असता तर तिला कळला असता. डोळे शाबूत होते. फक्त डावीकडेही काहीतरी असतं, ही गोष्टच मेंदू विसरून गेला होता. ताटातला उजवीकडचा भात संपवायचा आणि वाढणाऱ्या मावशींना म्हणायचं, हात फार आखडता झालाय तुमचा. केस अर्धेच विंचरायचे. कुणी समजवायला गेलं की, "डावीकडे बघण्यासारखं काही ठेवा, मग बघते."

हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला एका शांत खोलीत तिच्या चाचण्या व्हायच्या. एक टेबल, वर कुरकुरणारा पंखा, आणि चाचण्या घेणारी एक तरुण बाई, मोठ्या काचांचा चष्मा लावलेली. तिच्याकडे रंगीत पेन्सिलींचा डबा असे, म्हणून मास्तरनं तिचं नाव पेन्सिलवाली ठेवलं होतं. ती नेहमी मास्तरच्या उजव्या हाताला बसायची. डाव्या हाताला नातेवाइकांसाठी एक खुर्ची होती; मास्तरच्या लेखी ती खुर्ची नव्हतीच.

चाचणी दिसायला पोरखेळ. समोर एक कार्ड. त्यावर एक आकृती: मधोमध लांबट चौकट, चौकटीत फुली, उजवीकडे चिकटलेला त्रिकोण आणि त्याच्या टोकाला झेंडा, डावीकडे शिडी आणि शिडीखाली ठिपक्यांचं वर्तुळ. घर म्हणावं तर घर नाही, गाडी म्हणावं तर गाडी नाही. बघून तशीच काढायची. मधूनमधून पेन्सिलवाली हातातली पेन्सिल काढून घेई आणि दुसरी देई. आधी लाल, मग हिरवी, मग निळी, अगदी शेवटी जांभळी. म्हणजे माणसानं सुरुवात कुठून केली, अडला कुठं आणि शेवटी पोचला कुठं, ते कागद बघून मागाहूनही सांगता येतं.

मास्तरचं काम हिरव्यावरच आटोपलं. त्रिकोण, झेंडा, फुलीचा उजवा भाग, चौकट अर्धी. पुढं कोरा कागद.

"झाली पूर्ण?" पेन्सिलवालीनं विचारलं.

"झाली."

"कार्डाशी ताडून बघा एकदा. काही राहिलंय का?"

मास्तरनं ताडून पाहिलं. राहिलेलं काही दिसेना. पण पोरीचा सूर ओळखीचा होता. नव्या कपड्याची बाही चिमटीत धरून 'ही अशीच असते का हो?' विचारणाऱ्या गिऱ्हाइकाचा सूर. अशा सुरापुढं मास्तर आजवर कधी नमली नव्हती. तिनं सांगून टाकलं, आमच्यात अर्धंच आखतात. कापड दुमडून घडी टेबलाच्या कडेला घ्यायची, घडीच्या अलीकडे अर्धी पाठ आखायची, कात्री फिरवायची, उघडलं की अख्खी पाठ हातात. दोन्ही बाजू आखत बसतो तो शिकाऊ.

"दुसरी बाजू आपोआप येते," ती म्हणाली. आणि दुकानात कापडाशी बोलायची सवय, म्हणून कागदावर बोट आपटून तिनं विचारलं, "काय गं, येशील ना?"

पेन्सिलवालीला हसू आलं. मास्तरलाही आलं. खोलीत आणखी कुणी हसलं असलं तर ते पंख्याच्या आवाजात बुडून गेलं.

२

मास्तरला धाकटा भाऊ होता. माणूस लोण्यासारखा, आणि लोण्यासारखाच जिथं ठेवाल तिथला आकार घेणारा. त्याचं म्हणणं होतं की ताईनं आता त्याच्याच घरी राहावं, दुकानाला कुलूप लावावं, मशीन कुणा गरजूला देऊन टाकावं. दुकानामागच्या खोलीत एकटं राहायचं, तेही अर्धं जग दिसत नसताना, याला तो काही कबूल होत नव्हता.

"माझ्या घरात काय कमी आहे, ताई?"

"काहीच कमी नाही. म्हणून तर माझी तिथं गरज नाही."

डॉक्टरांनी मधला मार्ग काढला. डिस्चार्जच्या आधी आकृतीची चाचणी पुन्हा घ्यायची. डावी बाजू यायला लागली असेल तर मास्तर आपल्या घरी, आपल्या दुकानात. नसेल तर भावाकडे. ज्या बाईला टेबलाची डावी कड दिसत नाही तिच्या हातात कात्री आणि दारासमोर रस्ता देता येणार नाही, असं ते म्हणाले, आणि त्यात चूक काही नव्हतं. मास्तरलाही ते कळत होतं. कळत होतं म्हणूनच राग येत होता.

मग सराव सुरू झाला. पेन्सिलवालीनं टेबलाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टीची उभी रेघ मारली. नियम असा: काहीही करण्याआधी लाल रेघ सापडेपर्यंत मान वळवायची. रेघ सापडली की कागद पुरता दिसला असं समजायचं. मास्तर मान वळवायची, वळवायची, आणि कुठंतरी मधेच मान आपली आपण थांबायची, पुढं काही नाहीच अशी खात्री असल्यासारखी. नदीपाशी बैल अडतो तशी. ती स्वतःच्या मानेला शिव्या घालून पुन्हा वळवायची. एकदा घाम फुटेपर्यंत वळवली आणि लाल रेघ ओझरती दिसली, तेव्हा पेन्सिलवालीनं टाळी वाजवली. मास्तर म्हणाली, "वाजव आणखी. माझी एका हातानं वाजत नाही."

पोरगी चांगली होती. तिला फसवावं असं मास्तरच्या मनात कधी आलं नाही. हे पुढं फार कामाला आलं.

३

सरावाची आकृती पुन्हा झाली ती एका रखरखीत दुपारी. मास्तरनं आपली बाजू काढली. या वेळी निळ्यापर्यंत मजल गेली, फुलीच्या पलीकडेही एखादी रेघ सरकली असावी. मग मान अडली. तिनं पेन्सिल खाली ठेवली.

कागदावर पेन्सिल चालण्याचा आवाज तरीही येत राहिला.

खर्र, खर्र, थोडं थांबून पुन्हा खर्र. आखणाऱ्या माणसाला तो आवाज अनोळखी नसतो. घाईतली रेघ वेगळी वाजते, विचार करून मारलेली वेगळी. ही विचार करून मारलेली होती. मास्तरला वाटलं, पेन्सिलवाली काहीतरी लिहितेय. तिनं उजवीकडे पाहिलं. पेन्सिलवाली दोन्ही हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत होती. रुग्णाच्या हाताकडे टक लावून बघितलं की तो बिचकतो, म्हणून ती मुद्दाम तशी बसायची.

मग आवाज थांबला. लगेच नाही, शेवटी टिपटिपटिप असा बारीक वाजत थांबला. ठिपके दिल्यासारखा.

"झाली?" पेन्सिलवाली वळली, आणि तिचा चेहरा उजळला. तिनं कागद उचलून मास्तरच्या उजव्या हाताला आणला, म्हणजे तिला तो सगळा दिसावा. चौकट पूर्ण. फुली पूर्ण. शिडी, शिडीच्या पायऱ्या, वर्तुळ, वर्तुळात ठिपके. आणि काम स्वच्छ. मास्तरच्या थरथरत्या उजव्या बाजूपेक्षा कितीतरी स्वच्छ.

"मास्तर, काय हे! जमलं की!"

"मग? म्हणाले नव्हते?" मास्तर म्हणाली. तोंडानं. नजर मात्र पेन्सिलवालीच्या चेहऱ्यावरून हलली नाही.

कारण पेन्सिलवालीचं हसू अर्ध्यातच थांबलं होतं. डावी बाजू सगळी जांभळी होती. तिनं डबा उघडला. जांभळी पेन्सिल आपल्या खाचेत होती, टोक न काढलेली, कारखान्यातून आली तशी बोथट. मास्तरपर्यंत ती कधी पोचलीच नव्हती.

"ही तुम्ही कधी घेतलीत?" तिनं हळूच विचारलं.

"तूच दिली असशील. मला काय डावीकडचं दिसतंय?"

त्यावर पेन्सिलवालीनं डबा बंद केला. एकीला घरी जायचं होतं आणि दुसरीला तिला घरी पाठवायचं होतं. अशा वेळी पेन्सिलीचं टोक कोण मोजतं!

४

त्यानंतर सगळं सुधारत गेलं, आणि तिथंच मास्तरच्या मनात पाल चुकचुकली.

ताट दोन्ही बाजूंनी रिकामं परत जाऊ लागलं. मावशी खूष. मास्तरचं पोट मात्र अर्धंच भरत होतं. केस दोन्हीकडून चापूनचोपून बसलेले असत. भाऊ भेटायला आला आणि कौतुकानं म्हणाला, आता डावी बाहीसुद्धा स्वतः घालतेस की! मास्तरनं ती घातली नव्हती. तिनं स्वतःची समजूत घातली: हात जागा होतोय, मेंदूला कळायच्या आधी हाताला कळत असेल, शिवताना नाही का, गप्पा मारता मारता शिवण पूर्ण होते? समजूत चांगली शिवलेली होती. फक्त अंगाला बसत नव्हती.

उसवली ती एका गाठीमुळं. हॉस्पिटलच्या झग्याला खांद्यापाशी नाड्या असतात. डाव्या नाडीची गाठ मास्तरनं उजव्या हातानं चाचपली आणि तिचं बोट तिथंच थबकलं. स्वतःच्या अंगावर मारलेली गाठ एका बाजूला वळते, समोरच्यानं मारलेली दुसऱ्या. जन्मभर लोकांच्या अंगावर नाड्या बांधलेल्या बोटांना ते सांगावं लागत नाही. ही गाठ कुणीतरी तिच्या समोर बसून, निवांत मारली होती. तिनं सिस्टरला विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "अहो, तुम्हीच ना? आम्ही तर सगळ्यांना तुमचं उदाहरण देतो."

आणि मग लाल रेघ.

आता मान फारशी वळवायलाच लागत नव्हती. टेबलाशी बसलं की लाल रेघ समोर. मास्तरला आधी आनंद झाला. दुसऱ्या खेपेला ती आणखी जवळ होती. त्याच्या पुढच्या खेपेला कागदाच्या जवळजवळ मध्यावर. तिनं पेन्सिलवालीला विचारलं, पट्टी सरकवलीस का गं? पेन्सिलवाली म्हणाली, नाही, होती तिथंच आहे, टेबलाच्या कडेला. आणि तिनं ती बोटानं दाखवली. बोट गेलं डावीकडे, कुठंतरी लांब, मास्तरला न दिसणाऱ्या मुलखात. मास्तरला दिसणारी लाल रेघ मात्र कागदाच्या मध्यावरच होती.

त्या दिवशी मास्तरच्या वाट्याला झेंडा आणि त्रिकोणाची एक बाजू आली. बाकी सगळं जांभळं.

ती खाटेवर पडून विचार करत राहिली. कापडाची घडी एकदा सरकली की ज्याच्याकडे सरकते त्याचं कापड कमी पडतं. आज झेंडा आहे. उद्या झेंडा जाईल. आकृती पूर्ण होईल, डॉक्टर खूष होतील, भाऊ आनंदानं रडेल, आणि एक मास्तर घरी जाईल. दोन्ही बाह्या घातलेली, केस विंचरलेली, जेवलेली. दुकान उघडेल. गिऱ्हाइकांना वाटेल, बरी झाली बिचारी.

"तिच्या मायला," मास्तर छताला म्हणाली, "दुकान मी उभं केलंय."

५

शेवटच्या चाचणीला खोलीत गर्दी होती. डॉक्टर दाराशी उभे, भाऊ त्यांच्याजवळ. दोघं उजवीकडे, म्हणजे मास्तरला दिसतील असे. पेन्सिलवाली तिच्या जागी. तिनं लाल पेन्सिल पुढं केली.

मास्तरनं ती घेण्याआधी दोन गोष्टी मागितल्या. एक म्हणजे लाल-हिरवी तेवढी बाहेर काढून पेन्सिलींचा डबा सगळ्यांसमोर बंद ठेवा. दुसरी म्हणजे चिकटपट्टी कापायची ती कागदी कात्री टेबलावर ठेवा, माझ्या उजव्या हाताशी. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. पेन्सिलवालीनं मास्तरकडे क्षणभर पाहिलं आणि ड्रॉवर उघडून कात्री काढून ठेवली. बोथट टोकांची होती. मास्तर म्हणाली, चालेल, लोणी कापायचं नाहीये. भाऊ उगाचच हसला.

तिनं झेंडा काढला. त्रिकोण काढला. फुलीची एक तंगडी. लाल रेघ आता इतकी जवळ होती की तिच्या पेन्सिलीचं टोक तिला घासत होतं. आणि पलीकडे आवाज सुरू झाला. खर्र. खर्र.

"थांब," मास्तर म्हणाली.

डॉक्टरांना वाटलं त्यांना म्हणाली. ते थांबलेलेच होते.

"मी बोलावलं होतं, कबूल. गमतीत बोलावलं. आता माझं मी काढणार आहे. येईल तेवढं."

खर्र. आता घाईतली रेघ वाजत होती.

मास्तरनं पेन्सिलवालीला कागद वरून धरायला सांगितलं, कारण एका हातानं कात्री चालवायची तर कागद कुणीतरी ताणून धरायला हवा. पेन्सिलवाली टेबलावर ओणवी झाली. कागद धरायला तिची नजर कागदावर गेली, मग कागदावरून डावीकडे, मास्तरच्या डाव्या खांद्याच्या जरा वर. आणि तिथंच राहिली. तिनं कागद सोडला नाही, हे तिचं मोठेपण. पण तिचे ओठ रंग उडालेल्या सुतासारखे झाले.

मास्तरला डावीकडचं दिसत नव्हतं. पेन्सिलवालीचा चष्मा मात्र तिच्या समोर होता, वरच्या बाजूला, जरासा उजवीकडे. त्या मोठ्या काचांत सगळी खोली बोटभर होऊन मावली होती. पंखा, टेबल, पांढरा कागद. कागदावर वाकलेलं एक डोकं. आणि त्याला लागून, खांद्याला खांदा भिडवून वाकलेलं दुसरं डोकं. केस नीट विंचरलेले. ते मान वर करत नव्हतं. कामात गढलेलं माणूस करत नाही तसं. त्याला कुणी पाहतंय याचं काही वाटत नव्हतं.

मग त्याचा हात थांबला. डोकं सावकाश वर यायला लागलं.

मास्तरनं चष्म्यात पुढचं पाहिलं नाही. आपण काय बघायचं आणि काय नाही हे तिनं दुकानात स्वतःच ठरवलं होतं, इथंही तिनंच ठरवलं. कात्री उचलली आणि लाल रेघेवरून, जशी घडीवरून फिरवतात तशी, खालून वर एका दमात फिरवली.

कागद दोन झाला. उजवा तुकडा तिनं तळव्याखाली दाबून धरला. डावा गेला. कुठं गेला ते कुणाला सांगता आलं नाही. पडल्याचा आवाज झाला नाही. पंखा तेवढा कुरकुरत होता.

"ही माझी," मास्तरनं तुकडा डॉक्टरांकडे सरकवला. एक झेंडा, एक वाकडा त्रिकोण, एक तंगडी. सगळं लाल आणि हिरवं. "एवढंच येतंय मला अजून. नापास करा."

"ताई," भाऊ कळवळून म्हणाला, "परवापर्यंत तर अख्खी येत होती."

"ती माझी नव्हती."

डॉक्टरांनी तुकड्याकडे पाहिलं. मग पेन्सिलवालीकडे. पेन्सिलवालीनं चष्मा काढून हातात धरला होता. ती तो पुसतही नव्हती आणि परत लावतही नव्हती. "मास्तर खरं सांगताहेत," ती म्हणाली. "आधीच्या आकृत्या धरू नका."

६

तर मास्तर भावाकडे गेली. हरून नव्हे, दुकानाची किल्ली गळ्यात दोऱ्यात ओवून गेली, आणि मशीनला कुणी हात लावला तर त्याचाच सदरा त्याच्या अंगावर उसवीन अशी तंबी देऊन गेली. भावाच्या घरी तिनं खाट अशी लावून घेतली की डावी बाजू भिंतीला टेकेल. तिथं कुणाला बसायला जागा ठेवली नाही.

ताट पुन्हा अर्धंच संपू लागलं. भावजय काळजीत पडली. मास्तर मात्र ताट हातानं गोल फिरवून तो राहिलेला भात डोळे भरून बघायची आणि म्हणायची, "शाब्बास." मग तोही खायची. सराव चालू राहिला. पेन्सिलवाली आता समोर बसायची, आणि त्या खोलीतली डावीकडची खुर्ची तिनं बाहेर काढून टाकली होती. लाल रेघ एकेक बोट मागं हटत गेली. मान अडायची, मास्तर तिला शिव्या घालायची, मान पुढं जायची.

कित्येक महिन्यांनी आकृती पूर्ण झाली. शिडी कलंडलेली, वर्तुळ बटाट्यासारखं, ठिपके निम्मे बाहेर सांडलेले. पेन्सिलवालीनं डब्यातली जांभळी पेन्सिल उचलली, समोरच तिला टोक केलं आणि मास्तरच्या हातात ठेवली. मास्तरनं ती उजेडाकडे धरून पाहिली, आणि मगच शेवटचा ठिपका दिला. डॉक्टरांनी सही केली.

भावानं दुकानाचं शटर वर ढकललं आणि पिशव्या आणायला तो मागं वळला. मास्तर एकटीच आत गेली. धूळ होती, पडलेली फळी तशीच होती. टेबलावर तिनं त्या दिवशी सोडलेलं काम असायला हवं होतं: घडीवर दुमडलेलं कापड, वर पांढऱ्या खडूनं आखलेली अर्धी पाठ.

पण कापड आता दुमडलेलं नव्हतं. ते उघडून, हातानं सरळ करून पसरलेलं होतं. उजवीकडे तिच्या पांढऱ्या रेघा. मान वळवत वळवत ती डाव्या कडेपर्यंत गेली. दुसरी अर्धी पाठ तिथं आखून तयार होती, नेटकी, जांभळ्या रेघांनी. मास्तरच्या दुकानात जांभळा खडू कधीच नव्हता. आणि किल्ली इतके महिने तिच्या गळ्यात होती.

ती थोडी उभी राहिली.  मग ओला फडका घेतला आणि डावी बाजू घासून घासून पुसली, डाग राहिला तरी पुसली. खुंटीवरची मापाची फीत गळ्यात टाकली, पांढरा खडू घेतला, आणि ज्या बाईनं जन्मात कधी दोन्ही बाजू आखल्या नव्हत्या तिनं शिकाऊ पोरीसारखी आखायला सुरुवात केली. डावीकडून.

रेघ वाकडी येत होती. तिच्या डाव्या हाताला, अगदी जवळ, कुणीतरी स्टूल ओढल्याचा आवाज झाला.

मास्तरनं खडू थांबवला नाही.

"बसायचं तर बस," ती म्हणाली. "खडूला हात लावायचा नाही."